नवा अल्बम जोडताना मूळ फाइल बदलणाऱ्या आपल्या सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: संगीत-संग्रह सॉफ्टवेअरमध्ये नवा अल्बम जोडताना फाइल नष्ट होणे, चुकीच्या अल्बममध्ये मिसळणे आणि देवनागरी नावे बिघडणे याबाबत.

महोदय / महोदया,

सोलापुरातील एका संगीत-संग्रहासाठी आम्ही आपल्या सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना घेतला आहे. संग्रह विनामूल्य ऐकण्यासाठी आहे, त्यात कोणताही व्यवसाय नाही. मराठी अभंग, नाट्यसंगीत, ख्याल, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचने, तेलुगू भजने आणि उर्दू कव्वाली असे सगळे त्यात आहे. काही सीडीवरून घेतलेले, बरेचसे कॅसेटवरून उतरवलेले. गाणी वाजवणे, याद्या करणे, दुसऱ्या खोलीतल्या स्पीकरवर पाठवणे ही कामे आपले सॉफ्टवेअर चोख करते. आमची तक्रार नवा अल्बम जोडण्याच्या पायरीबद्दल आहे. ही पायरी काही न विचारता निर्णय घेते आणि तो थेट मूळ फाइलमध्ये लिहून टाकते. एकदा लिहिले की मागे फिरता येत नाही.

सर्वांत गंभीर दोष आधी सांगतो, कारण त्यात ध्वनिमुद्रण कायमचे जाते.

‘फोल्डर आपोआप लावा’ हा पर्याय मुळातच चालू असतो. तो गायक, अल्बम, साथसंगत आणि ट्रॅकचे नाव (राग, प्रकार) जोडून फाइलला नवे नाव देतो. लिनक्सवर चालणाऱ्या एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावर) एका फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो. मात्रा, अनुस्वार आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘क्षि’ दिसायला एक अक्षर आहे, पण क, हलन्त, ष आणि वेलांटी मिळून त्याचे बारा बाइट होतात. फ्लॅक या ध्वनि-फाइल प्रकाराच्या एक्स्टेन्शनचे (नावाअखेरच्या ‘.flac’चे) पाच बाइट सोडले तर हाती २५० उरतात, म्हणजे देवनागरीचे जेमतेम ८३ घटक. इंग्रजी नावाला जी जागा ऐसपैस वाटते, ती आमच्याकडे दोन नावांत संपते. नाव लांब झाले की आपले सॉफ्टवेअर ते शेवटून कापते. एकाच रागाचा विलंबित आणि द्रुत ख्याल असेल, तर दोन्ही नावांतला फरक नेमका शेवटच्या शब्दात असतो, आणि कापला जातो तोही तोच. दोन्ही फाइलींची नावे सारखी होतात, दुसरी पहिलीवर लिहिली जाते आणि पडद्यावर ‘अल्बम यशस्वीपणे जोडला’ असे येते. यादीत विलंबित दिसतो, वाजवला तर द्रुत लागतो.

खात्री करायची असेल तर रिकामा संग्रह तयार करा आणि त्याची जागा एनएएसवर ठेवा. दोन फ्लॅक फाइली घ्या. गायक, अल्बम आणि साथसंगत ही तिन्ही रकाने देवनागरीत पूर्ण भरा, ट्रॅकच्या नावात फक्त शेवटचा शब्द वेगळा ठेवा आणि अल्बम जोडा. फोल्डरमध्ये एकच फाइल उरलेली दिसेल. अशा वेळी सॉफ्टवेअरने थांबायला हवे होते. लक्ष्याच्या जागी त्या नावाची फाइल आहे का, हे पाहणे कोणत्याही कॉपी करणाऱ्या प्रणालीचे पहिले काम असते. कापायचेच असेल तर अक्षराच्या सीमेवर कापा, आणि ट्रॅक क्रमांक नावाच्या सुरुवातीला ठेवा म्हणजे तो कधीच जाणार नाही. सध्या काप बाइट मोजून पडतो, त्यामुळे शेवटचे अक्षर अर्धे तुटते आणि ती फाइल विंडोजवरून उघडतही नाही.

दुसरा दोष टॅग, म्हणजे फाइलमध्येच साठवलेली गायक, अल्बम वगैरे माहिती, लिहिण्याच्या पद्धतीत आहे. एमपी३चा आयडी३ टॅग आणि फ्लॅकची माहिती, दोन्ही फाइलच्या सुरुवातीला असतात, आणि पुढे थोडीशी जागा मोकळी ठेवलेली असते. लहान दुरुस्ती त्या जागेत बसते. आपले सॉफ्टवेअर मात्र कव्हरचे मोठे चित्र शोधून ते प्रत्येक ट्रॅकमध्ये घालते. कित्येक एमबीचे चित्र मोकळ्या जागेत मावत नाही, म्हणून संपूर्ण फाइल पुन्हा लिहावी लागते. वीस मिनिटांचा ख्याल फ्लॅकमध्ये साधारण शंभर एमबीचा असतो. हे पुनर्लेखन मूळ फाइलवरच चालते. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये वळीव आला की वीज जाते. त्या क्षणी लिहिणे चालू असेल तर सुरुवात नवी आणि शेवट गायब, अशी फाइल हाती येते. उपाय जुना आणि सर्वज्ञात आहे: आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती प्रत लिहा, ती डिस्कवर पूर्ण उतरली याची खात्री करा, मगच तिला मूळ नाव द्या. फ्लॅकच्या शीर्षभागात मूळ ध्वनीची एमडी५ खूण (ध्वनीवरून काढलेली, बदल झाला तर न जुळणारी संख्या) आधीच साठवलेली असते. लिहून झाल्यावर ती पडताळली की फाइल शाबूत आहे की नाही हे लगेच कळते. आपण ती पाहतच नाही.

हीच पडताळणी जोडतानाही उपयोगी पडेल. ‘फोल्डरवर लक्ष ठेवा’ चालू असताना पेनड्राइव्हवरून अल्बम कॉपी होऊ लागला की सॉफ्टवेअर अर्धवट आलेली फाइलच उचलते. ज्या एमपी३मध्ये लांबीची नोंद नसते, तिची लांबी ते आकारावरून काढते आणि आठ मिनिटांचा अभंग अडीच मिनिटांचा म्हणून कायमचा नोंदवते. फाइलचा आकार काही सेकंद स्थिर राहीपर्यंत वाट पाहिली तर हे टळते.

आता अल्बम ओळखण्याविषयी. येथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण भारतीय संगीताच्या प्रत्येक संग्राहकाला हा त्रास होणार आहे.

आपले सॉफ्टवेअर अल्बमची ओळख फक्त अल्बमच्या नावावरून ठरवते. आमच्याकडे ‘अभंग’, ‘भक्तिगीते’, ‘नाट्यगीते’ अशा नावांचे अल्बम ढिगाने आहेत. नवा ‘अभंग’ जोडला की तो जुन्या ‘अभंग’मध्ये मिसळतो, ट्रॅक १, १, २, २, ३, ३ असे लागतात, कव्हर एकाचे आणि गायक ‘विविध कलाकार’. ‘अल्बमचा कलाकार’ हा वेगळा रकाना याचसाठी असतो. आयडी३मध्ये बहुतेक प्रणाली त्यासाठी टीपीई२ हा रकाना वापरतात. आम्ही तो काटेकोर भरतो, पण जोडताना आपले सॉफ्टवेअर तो वाचत नाही. अल्बमचे नाव, अल्बमचा कलाकार, वर्ष आणि कंपनीचा कॅटलॉग क्रमांक एकत्र धरा. चारपैकी एकही वेगळा असेल तर मिसळण्याआधी विचारा.

इंटरनेटवरून माहिती जुळवण्याचेही तसेच. आपण ट्रॅकची संख्या आणि लांबी यांवरून जोडी लावता. बारा-चौदा गाण्यांच्या सीडीला हे ठीक आहे, कारण इतक्या लांबींचा क्रम योगायोगाने सहसा जुळत नाही. ख्यालाच्या अल्बममध्ये दोन किंवा तीनच ट्रॅक असतात. ते कशाशीही जुळतात. कॅसेटवरून घेतलेल्या ध्वनिमुद्रणात तर लांबीवर विसंबताच येत नाही. कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर असला, तरी प्रत्येक डेक थोडा पुढे-मागे चालतो. एक टक्क्याचा फरक तीस मिनिटांच्या बाजूवर अठरा सेकंदांचा होतो. जुळणी इतकी कच्ची असताना तिचा निकाल थेट फाइलमध्ये लिहिणे अक्षम्य आहे. वर्षानुवर्षे हाताने भरलेले राग, ताल आणि साथीदार त्यात पुसले जातात.

रचनाकाराचा प्रश्नही याच पायरीतला आहे. पंढरपूर आणि मंगळवेढा याच जिल्ह्यात, त्यामुळे संतरचना आमच्या संग्रहाचा कणा आहेत. संत चोखामेळ्यांचा अभंग असेल तर शब्द त्यांचे, चाल संगीतकाराची आणि गळा गायकाचा. आयडी३मध्ये तिघांसाठी वेगळे रकाने आहेत: शब्दांसाठी टेक्स्ट, चालीसाठी टीकॉम, गायकासाठी टीपीई१. आपले सॉफ्टवेअर जोडताना टेक्स्ट हा रकाना रिकामा करते आणि संतांचे नाव कलाकारांच्या यादीत टाकते.

देवनागरी नावांचे हाल वेगळे. ‘वारकऱ्यांची भजने’ हे नाव दोन प्रकारे टंकता येते: एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून, दुसरे, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झीरो विड्थ जॉइनर हे अदृश्य चिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण युनिकोड या अक्षरांच्या संगणकीय मानकातल्या सामान्यीकरणानेही (सारखी रूपे एक करण्याच्या नियमानेही) ती एक होत नाहीत, त्यामुळे शोधताना एक सापडते, दुसरे नाही. त्याहून वाईट म्हणजे ‘नावे स्वच्छ करा’ हा टप्पा ते अदृश्य चिन्ह काढून टाकतो आणि ‘वारकर्यांची’ असे अशुद्ध नाव फाइलमध्ये लिहितो. ते चिन्ह मराठी लेखनाचा भाग आहे; त्याला कचरा समजू नका. शोधासाठी दोन्ही रूपे आतल्या सूचीत एक माना, फाइलमधले लेखन जसेच्या तसे ठेवा. ‘ॲ’चेही असेच करावे लागेल: हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आले, त्याआधीच्या टॅगमध्ये अ वर चंद्र दिलेला आहे.

आयडी३च्या २.३ आवृत्तीत यूटीएफ-८ नाही, देवनागरीसाठी यूटीएफ-१६ लागते. आपण टॅगवर २.३ लिहिता आणि आत यूटीएफ-८ भरता. गाडीतल्या प्लेअरवर निरर्थक चिन्हे येतात. २.४ लिहा किंवा यूटीएफ-१६ वापरा. ट्रॅक क्रमांक देवनागरी अंकांत असेल तर १० हा २ च्या आधी लागतो. ळ मराठी वर्णक्रमात ह नंतर येतो, आपण त्याला ल नंतर बसवता. जुना संग्रह पुन्हा स्कॅन केला की प्रत्येक अल्बम ‘नवा’ ठरतो. या गोष्टी एका अपडेटमध्ये सुधारता येतील.

आपल्या ग्राहक सेवेने ‘सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका आणि संग्रह नव्याने स्कॅन करा’ असा सल्ला दिला. त्याने दोष जात नाहीत. उलट सगळ्या फाइली पुन्हा त्याच पायरीतून जातात. ज्या ग्राहकांनी अजून काही गमावलेले नाही, त्यांना आपण आजच कळवावे: ‘फोल्डर आपोआप लावा’, ‘नावे स्वच्छ करा’ आणि ‘टॅग फाइलमध्ये लिहा’ हे तिन्ही पर्याय बंद करावेत, मूळ फाइली वेगळ्या डिस्कवर केवळ वाचण्यापुरत्या ठेवाव्यात, नवा अल्बम आधी वेगळ्या फोल्डरमध्ये पूर्ण कॉपी करून मगच प्रत जोडावी, जोडून झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची संख्या ताडून पाहावी.

आमच्या मागण्या अशा. अल्बम जोडण्याआधी जुनी नोंद आणि नवी नोंद शेजारी-शेजारी दाखवणारा पडदा हवा, आणि त्यावर होकार मिळेपर्यंत कोणत्याही फाइलला हात लागू नये. जोडणी मागे घेण्याची सोय हवी. त्यासाठी मूळ टॅग आणि मूळ नावे नोंदवून ठेवावी लागतील. असलेल्या फाइलवर लिहिणे कोणत्याही परिस्थितीत बंद करावे. एवढी एक दुरुस्ती बाकीची वाट न पाहता तातडीने द्यावी. ज्या ध्वनिमुद्रणांवर दुसरी फाइल लिहिली गेली, ती आपल्याला परत देता येणार नाहीत. त्या कॅसेटपैकी काहींची फीत आता पुन्हा वाजवण्याच्या अवस्थेत नाही. म्हणून चालू वर्षाच्या परवान्याची पूर्ण रक्कम परत मिळावी.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तसे न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे तक्रार दाखल करू. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करण्याची मुभा या कायद्याने दिली आहे.

दोष दाखवणाऱ्या फाइली आपल्या अभियंत्यांना हव्या असतील तर पाठवू. चाचणीसाठी लागेल ती मदतही करू.

आपले,
संगीत-संग्रहाचे काम पाहणारे ग्राहक,
सोलापूर

सोबत: परवान्याची पावती, जोडणीपूर्वीच्या आणि नंतरच्या फाइलींची यादी, सॉफ्टवेअरची नोंदवही, पडद्याची छायाचित्रे.