त्या छायाचित्रातल्या मुली कारकून नव्हत्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘ब्रिटनची लढाई’ या विषयावर, म्हणजे १९४० मध्ये जर्मन विमानांनी ब्रिटनवर केलेल्या हल्ल्यांवर, आलेला लेख वाचला. लेखकाने तो मनापासून लिहिला आहे. मात्र सोबतच्या छायाचित्राखाली ‘हवाई दलाच्या कार्यालयातील महिला कारकून’ असे छापले आहे, ते चूक आहे. टेबलावर पसरलेला भलामोठा नकाशा, त्याच्या भोवती हेडफोन लावून उभ्या असलेल्या मुली, हातात लांब दांड्याच्या काठ्या आणि भिंतीवर रंगीत त्रिकोणांचे घड्याळ. ही फायटर कमांडची, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या लढाऊ विमानांच्या शाखेची, ऑपरेशन रूम आहे आणि त्या मुली प्लॉटर, म्हणजे नकाशावर विमानांच्या खुणा मांडणाऱ्या, आहेत. मी एकतीस वर्षे ट्रंक एक्स्चेंजमध्ये परगावचे फोन जोडण्यात काढली, १९७१ चे युद्ध बोर्डावर बसून अनुभवले. त्यामुळे ती ओळ मनाला लागली.

फायटर कमांडची स्थापना १४ जुलै १९३६ ची. लंडनच्या वायव्येला स्टॅनमोर इथे बेंटली प्रायरी नावाचा जुना वाडा आहे, तिथे मुख्यालय. प्रमुख ह्यू डाउडिंग, वय चौपन्न, स्वभावाने अबोल. ‘रडारमुळे ब्रिटन वाचले’ असे आपल्या लेखात म्हटले आहे. ते अर्धेच खरे आहे. रडार जर्मनांकडेही होते, आणि काही बाबतींत इंग्रजांपेक्षा सरस होते. इंग्रजांच्या ‘चेन होम’ रडार केंद्रांचे पोलादी मनोरे ३६० फूट उंच होते खरे, पण त्यांची नजर फक्त समुद्राकडे. शत्रू किनारा ओलांडून आत आला की त्यांच्या लेखी नाहीसाच. तिथून पुढची भिस्त ऑब्झर्व्हर कोअरच्या सुमारे ३० हजार स्वयंसेवकांवर. शेतकरी, दुकानदार, शिक्षक अशी ही माणसे टेकाडावर, वाळूच्या पोत्यांच्या आडोशाला दुर्बीण घेऊन बसत. आभाळ भरून आले की नुसत्या कानांनी विमानांची दिशा ओळखत.

या सगळ्या डोळ्यांना आणि कानांना टेलिफोनच्या तारेने एका जागी आणून बांधले, ते डाउडिंग यांनी. शत्रूच्या विमानांच्या एकाच टोळीबद्दल तीन केंद्रांकडून तीन वेगळ्या बातम्या यायच्या. एक म्हणे वीस विमाने, दुसरे म्हणे साठ. बेंटली प्रायरीच्या फिल्टर रूममध्ये या बातम्या पडताळून त्यातली एक ठरवायची, तीच पुढे ग्रुपला, म्हणजे विभागाला, आणि त्याखालच्या सेक्टरला जायची. तिथे टेबलावर आपल्या छायाचित्रातल्या मुली उभ्या. कानात आकडे पडत आणि हात नकाशावर चालत. घड्याळावर पाच-पाच मिनिटांचे लाल, पिवळे, निळे भाग होते. बातमी ज्या मिनिटाला आली त्या भागाचा रंग तिच्या खुणेला मिळे. वर गॅलरीत बसलेल्या कंट्रोलरला, म्हणजे लढाऊ विमानांना हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला, नुसत्या रंगावरून कळे की ही खूण ताजी आहे की शिळी. शिळी झालेली खूण मुली लगेच उचलून टाकत. यात कारकुनी कुठे आली?

ही घाई कशासाठी, तेही सांगायला हवे. डोव्हरपाशी खाडी जेमतेम चौतीस किलोमीटर रुंद. बॉम्बफेकी विमान ती सहा-सात मिनिटांत ओलांडे, आणि लढाऊ विमानाला वीस हजार फुटांवर चढायलाच आठ-दहा मिनिटे लागत. सतत आकाशात घिरट्या घालत राहावे, तर तेवढी विमानेही नव्हती आणि तेवढी माणसेही. फ्रान्सच्या आभाळात शत्रू गोळा होत असतानाच ते कळायला हवे, आणि कळलेले दोन-चार मिनिटांत धावपट्टीवरच्या वैमानिक मुलापर्यंत पोहोचायला हवे. त्या दोन-चार मिनिटांवर देश उभा होता.

१९७१ च्या डिसेंबरात मी रात्रपाळीला होते. खिडक्यांना काळे कागद, बोर्डावरचा दिवाही झाकलेला. लाइटनिंग कॉल, म्हणजे सर्वांत तातडीचे फोन, एकामागून एक येत होते. त्या धांदलीत मी एकदा ‘फिफ्टीन’चे ‘फिफ्टी’ ऐकले, तिकिटावर तसेच लिहिले आणि कॉल दुसऱ्याच घरी लागला. ज्या घरी तो जायला हवा होता, तिथल्या बाईचा नवरा सीमेवर होता. चूक सापडून दुरुस्त होईपर्यंत वीस मिनिटे गेली. ती वीस मिनिटे मी अजून विसरलेले नाही. म्हणून सांगते, चुकीचा आकडा म्हणजे काय हे त्या टेबलापाशी उभ्या असलेल्या अठरा-वीस वर्षांच्या प्रत्येक मुलीला ठाऊक असणार.

फायटर कमांडनेही हा धडा फार महागात शिकला. युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ च्या सकाळी शत्रू आल्याची खोटी वर्दी पसरली, एकामागून एक विमाने वर गेली आणि स्पिटफायर या लढाऊ विमानांनी आपल्याच दोन हरिकेन लढाऊ विमानांना पाडले. त्यात हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक गेला. या युद्धात मेलेला ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक आपल्याच माणसांच्या गोळ्यांनी मेला. आपले विमान कोणते आणि परके कोणते, हे ओळखणारी यंत्रे विमानांत बसवण्याला त्यानंतर वेग आला. दुसरा एक उपाय फार साधा होता. आपल्या विमानाचा रेडिओ दर मिनिटाला चौदा सेकंद आपोआप सूर सोडी, आणि जमिनीवरची केंद्रे त्या सुरावरून विमानाची जागा काढत. त्याला ‘पिपस्क्वीक’ म्हणत.

फायटर कमांडच्या बिगिन हिल विमानतळावर १९४० च्या ऑगस्टअखेर आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला लागोपाठ बॉम्ब पडले. हेलन टर्नर तिथे टेलिफोनच्या स्विचबोर्डवर होत्या, एल्स्पेथ हेंडरसन ऑपरेशन रूममध्ये. इमारतीवर बॉम्ब पडला तरी दोघींनी लाइन सोडली नाही. त्या दोघींना आणि जोन मॉर्टिमर यांना मिलिटरी मेडल हे शौर्यपदक मिळाले. एकेका विमानतळाच्या तुटलेल्या तारा टपाल खात्याची माणसे खड्ड्यात उतरून जोडत. केनली तळाची ऑपरेशन रूम तर पुढे जवळच्या कॅटरहॅममधल्या एका रिकाम्या खाटकाच्या दुकानातून चालली. बोर्ड कुठेही मांडता येतो, बोर्डावर बसणारी माणसे मात्र शिकवलेली लागतात.

इथेच मला लेखातली दुसरी उणीव दिसते. प्रशिक्षणाला लेखात एकच ओळ मिळाली आहे: ‘तरुण वैमानिक अल्प प्रशिक्षणानंतर लढले.’ या एका ओळीत किती मुले गाडली गेली! १९४० च्या उन्हाळ्यात इंग्लंडकडे विमाने होती, कारखान्यांतून महिन्याला चारशेच्या वर लढाऊ विमाने बाहेर पडत होती. तुटवडा होता तो वैमानिकांचा. त्यांना लढाऊ विमानावर तयार करणाऱ्या ऑपरेशनल ट्रेनिंग युनिट अवघ्या तीन, ॲस्टन डाउन, सटन ब्रिज आणि हॉर्डन इथे. तिथला महिनाभराचा अभ्यासक्रम ऑगस्टमध्ये दोन आठवड्यांवर आणला गेला. स्पिटफायर किंवा हरिकेनवर दहा-वीस तास काढलेला मुलगा लढणाऱ्या स्क्वाड्रनमध्ये, म्हणजे विमानांच्या तुकडीत, हजर होई. उडत्या लक्ष्यावर एकदाही गोळी न झाडलेले कितीतरी होते. पहिल्या दोन-तीन उड्डाणांत जो वाचला तो पुढे टिकला. आणि शत्रूचे तोंडही न पाहता, शिकता शिकता गेलेले वेगळेच. सटन ब्रिज गावच्या चर्चच्या आवारात त्यांची थडगी आहेत.

शेतकऱ्याच्या घरात कितीही उपासमार झाली तरी बेण्याच्या धान्याला हात लावत नाहीत. डाउडिंग यांना हे कळत होते असे मला वाटते. फ्रान्स कोसळत असताना तिकडे आणखी स्क्वाड्रन पाठवा, असा आग्रह सुरू होता. त्या वेळी, १६ मे १९४० रोजी त्यांनी हवाई मंत्रालयाला पत्र लिहिले. देशाच्या रक्षणाला ५२ स्क्वाड्रन लागतात असे ठरले होते, हाती उरल्यात ३६ च्या बरोबरीच्या, हे त्यांनी त्यात स्वच्छ लिहिले. पण प्रशिक्षणाच्या बाबतीत त्यांचाही इलाज चालला नाही. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली होती. ८ सप्टेंबरपासून त्यांनी स्क्वाड्रनची अ, ब, क अशी प्रतवारी केली. ‘क’ स्क्वाड्रन लढाईपासून दूर ठेवायच्या, त्यांत थोडे जाणते वैमानिक ठेवायचे आणि बाकी नव्या मुलांना त्यांच्या हाताखाली शिकवायचे. फायटर कमांडमध्ये निव्वळ प्रशिक्षणासाठी ८१ ग्रुप निघाला तो डिसेंबरात, लढाई संपून गेल्यावर. कंट्रोलरनाही शिकवावे लागे. त्यासाठी तीनचाकी सायकलींना विमाने मानून मैदानात फिरवत, आणि शिकाऊ कंट्रोलर आडोशाला बसून एका सायकलीची दुसरीशी गाठ घालून देई.

१० जुलै ते ३१ ऑक्टोबर या काळात फायटर कमांडचे सुमारे तीन हजार वैमानिक आणि सहकारी लढले, त्यांपैकी ५४४ गेले. नोव्हेंबर संपायच्या आत डाउडिंग यांना पदावरून दूर केले. पुढच्या वर्षी हवाई मंत्रालयाने या लढाईवर पुस्तिका काढली, तीत त्यांचे नावसुद्धा नव्हते.

आपल्याशी असलेला एक धागाही नोंदवावासा वाटतो. १९४१ च्या मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये स्पिटफायर विमानांची १२४ वी स्क्वाड्रन उभी राहिली, तिचे नाव ‘बडोदा स्क्वाड्रन’. बडोद्याच्या गायकवाडांनी दिलेल्या पैशांमुळे हे नाव पडले. त्याच्या आदल्या वर्षी २४ भारतीय वैमानिक मुंबईहून बोटीने इंग्लंडला गेले होते. त्यांतले महिंदरसिंग पुज्जी डोक्यावर पगडी ठेवून हरिकेन उडवत. पुरवणीत यावर कोणी जाणकाराने सविस्तर लिहिले तर फार बरे होईल.

माझी विनंती एवढीच आहे की छायाचित्राखालची ओळ दुरुस्त करावी. ‘फायटर कमांडच्या ऑपरेशन रूममधील प्लॉटर’ असे लिहावे. आणि जमल्यास ते छायाचित्र पुन्हा छापावे, पण या वेळी भिंतीवरचे घड्याळ नीट दिसेल एवढे मोठे.

आपली नम्र,
एक वाचक
(निवृत्त ट्रंक ऑपरेटर), नाशिक