तारामतीला पळवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट १९१३ मध्ये ज्या दिवशी प्रदर्शित झाला, त्या ३ मेच्या निमित्ताने रविवारच्या पुरवणीत अण्णा साळुंके यांच्यावर लेख आला, बरे वाटले. 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती साकारणारा हा नट एरवी प्रश्नमंजूषेतल्या एका गुणापुरताच उरला आहे. पण 'तुरुतुरु चालणारी तारामती आज पाहताना हसू आवरत नाही' असे जे लेखात म्हटले आहे, ते हसू साळुंक्यांच्या खाती मांडू नये. ती चाल त्यांची नाही, आपल्या यंत्राची आहे.

हिशेब सोपा आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ फ्रेम बसतात. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवत. एका फेऱ्याला ८ फ्रेम आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम, बरोबर एक फूट. हा पुस्तकी वेग. प्रत्यक्षात हात १६ ते २० च्या दरम्यान कुठेही चालायचा. बोलपट आल्यावर आवाजासाठी वेग २४ वर पक्का झाला. १६ ने घेतलेली फिल्म २४ ने सोडली की सगळे दीडपट पळते. 'राजा हरिश्चंद्र'ची मूळ लांबी ३,७०० फूट. १६ च्या वेगाने तो तासाभराचा होतो, २४ ने ४१ मिनिटांत उरकतो. त्यातल्या मजकुराच्या पाट्याही वाचून व्हायच्या आत निघून जातात.

कार्यक्रमांत आणि वाहिन्यांवर दाखवल्या जाणाऱ्या बहुतेक क्लिपा अशा पळवलेल्या असतात. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. एडिटिंगच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये क्लिपचा वेग कमी करता येतो. क्लिप सेकंदाला २४ फ्रेमची असेल तर १६ साठी वेग ६७ टक्के ठेवा, १८ साठी ७५, २० साठी ८३. टीव्हीसाठी २५ फ्रेमची केलेली असेल तर हेच आकडे ६४, ७२ आणि ८० होतात. हे करताना दोन फ्रेमच्या मधली फ्रेम 'तयार करून' घालणारा पर्याय बंद ठेवावा. तो चालू राहिला की पदराच्या कडा आणि बोटे विरघळल्यासारखी दिसतात, आणि साळुंक्यांच्या अभिनयात पाहण्यासारखे जे आहे ते नेमके बोटांतच आहे. त्यापेक्षा फ्रेम दोनदा दाखवलेली परवडते.

मूळ वेग कुठला होता हे कसे ओळखायचे? माणसाच्या चालीवर विसंबू नये, नट मुद्दाम हळू किंवा भरभर चालू शकतो. पाणी मात्र अभिनय करत नाही. उपलब्ध रिळात तारामती आणि तिच्या सख्यांचा जलविहार आहे, तो प्रसंग या कामी उत्तम. मीटरभर उंचीवरून पडणाऱ्या थेंबाला खाली यायला साधारण ०.४५ सेकंद लागतात. दीडपट वेगात तेच ०.३ सेकंदांत होते आणि पाणी वाळूसारखे सांडल्यागत वाटते. ते पाण्यासारखे पडू लागले की वेग जमला असे समजावे. एकच आकडा सबंध रिळाला लावून मोकळे होऊ नये, कारण मूठ फिरवणारा हात प्रत्येक शॉटला सारखा राहत नाही. हात मंदावला की प्रत्येक फ्रेमला उजेड जास्त मिळतो आणि चित्र फिकट होते. हात घाईत आला की चित्र काळवंडते. शॉट चालू असतानाच उजेड कमीजास्त होत असेल तर तिथे हात बदललेला असण्याची शक्यता जास्त. (तिथे ढगही आलेला असू शकतो. फाळके यांच्या दादरच्या बंगल्यात चित्रण सूर्यप्रकाशावरच चालायचे.)

चित्राच्या थरथरण्यालाही लेखात 'जुनेपणा' म्हटले आहे. त्याचे एक कारण भोकांत आहे. फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडायचे यंत्रही आणले, कारण कोरी फिल्म बिनभोकांची यायची. एका फ्रेमला दोन्ही कडांना चार-चार भोके, म्हणजे फुटाला १२८. ३,७०० फुटांच्या एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या जवळपास. हे काम सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून करत, आणि सगळ्या चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच होता. भोक केसभर सरकले की पडद्यावर चित्र उडी मारते. पुढे त्या काळची नायट्रेटची फिल्म वर्षानुवर्षे आक्रसत जाते, त्याने भोकांमधले अंतर कमी होते आणि थरथर वाढते.

'काळेभोर ओठ आणि भडक रंगरंगोटी' हा शेराही तपासायला हवा. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे. लाल ते काळे आणि निळे ते पांढरे उमटायचे. कुंकू काळे, लाल शालू काळा, आकाश कोरे. कातडीत तांबूसपणा असतो, त्यामुळे चेहराही आहे त्याहून काळपट यायचा. त्यावर उपाय म्हणून तोंडाला फिकट लेप देत. प्रत्यक्षात समोर उभ्या माणसाला तो चेहरा कसा दिसत होता, याचा पडद्यावरच्या चेहऱ्यावरून अंदाज बांधता येत नाही.

आता अभिनयाबद्दल. फाळके यांना तारामतीसाठी बाई मिळेना. त्यांनी वेश्यावस्तीतही विचारून पाहिले, तिथूनही नकार आला. मग ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे साळुंके त्यांच्या नजरेस पडले. तिथे महिना १० रुपये मिळायचे, फाळके यांनी १५ देऊ केले. हात नाजूक आहेत, बोटे सडपातळ आहेत, म्हणून ही निवड झाली असे सांगतात. ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली जाते, पण ती निवड पक्क्या व्यवहाराची होती. त्याच १९१३ सालच्या जुलैत गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. स्त्रीपार्टी प्रेक्षकांच्या अंगवळणी पडलेलीच होती. मात्र रंगभूमीवरच्या स्त्रीपार्टीची निम्मी जादू गळ्यात असते, ती इथे बाद. मूकपटात नटाकडे उरतात मनगट, मान आणि नजर. साळुंके पदर सावरतात तेव्हा बोटे आधी जातात आणि कोपर मागून येते. दीडपट वेगात हा क्रमच दिसत नाही, नुसता झटका दिसतो. सावकाश चालवलेल्या रिळात तो स्वच्छ दिसतो. आमच्या मते या माणसाला कॅमेऱ्यासमोर किती कमी करायचे हे पहिल्याच चित्रपटात कळले होते. मोठमोठ्या नटांनाही ते पुढची दहा-पंधरा वर्षे कळले नाही.

१९१७ च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही साळुंकेच. भारतीय पडद्यावरची ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. यात कॅमेऱ्याची करामत शोधत बसायला नको. एकच नट एका फ्रेममध्ये दोनदा आणायचा तर भिंगाची निम्मी काच झाकून फिल्म घ्यायची, ती मोजून तेवढेच फेरे उलटी फिरवायची आणि दुसरी बाजू घ्यायची. एक फेरा चुकला की सगळे वाया. इथे कथेनेच सोय केलेली होती. सीताहरणानंतर दोघे समुद्राच्या दोन बाजूंना असतात. सीतेचे दंड पिळदार दिसतात हे तेव्हाच्याही प्रेक्षकांच्या लक्षात आले होते. तरी पडद्यावर राम आला की लोक पायातले काढत. गिरगावच्या वेस्ट एंडला सकाळी सातपासून मध्यरात्रीपर्यंत खेळ चालले.

लेखात एक मोठी गोष्ट राहून गेली आहे. साळुंके पुढे छायालेखक झाले. १९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली, त्यानंतरचा त्यांचा बराचसा काळ कॅमेऱ्यामागे गेला. हे अचानक झालेले नाही. 'राजा हरिश्चंद्र'चे छायालेखक त्र्यंबक तेलंग यांना फाळके यांनीच हाताला धरून कॅमेरा शिकवला होता. त्या घरात नट, रसायने आणि स्वयंपाक एकाच छपराखाली होते, तिथे जो थांबला तो काम शिकला. ज्याच्यासाठी दुसऱ्याने मूठ फिरवली त्यानेच पुढे इतरांसाठी ती फिरवली. कॅमेऱ्यासमोर हात किती सावकाश उचलायचा हे ठाऊक असलेला छायालेखक नटांना किती उपयोगी पडला असेल!

दोन किरकोळ दुरुस्त्या. साळुंक्यांना 'पहिली अभिनेत्री' म्हणणे गमतीपुरते ठीक, पण त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई (पुढे गोखले) यांचा मान जातो. त्या दोघी १९१३ मध्येच फाळके यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये पडद्यावर आल्या. दुसरे, छायाचित्राखाली छापलेले '१९१३' हे साल. चित्रपटाचे पहिले आणि शेवटचे रीळ पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे. ही रिळे १९१३ ची नसून फाळके यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. तिथे साल न छापलेले बरे.

आपल्या संकेतस्थळावर लेखासोबत जी क्लिप आहे ती २५ फ्रेमची आहे. ती ६४ टक्क्यांवर आणून जलविहाराचा शॉट एकदा पाहावा, पाणी फार संथ वाटले तर दोन-तीन टक्के चढवावे. आणि खाली साळुंक्यांच्या नावापुढे 'नट व छायालेखक' असे लिहावे.

आपले,
मूकपटांच्या प्रती हाताळणारे काही वाचक, पुणे