लॅबच्या मामांना, एका चुकीच्या पासवर्डबद्दल

प्रिय मामा,

समोर येऊन आभार मानले असते तर तुम्ही "जा रे, काम कर" म्हणून हाकललं असतं. म्हणून हे पत्र, तेही चारचौघांत.

त्या सकाळी मी लॅबमधल्या झुबुंटू १८.०४ पुढे, म्हणजे उबुंटू लिनक्सच्याच एका भावंडापुढे, रडकुंडीला आलो होतो. पासवर्ड टाकला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची आणि पुन्हा तीच लॉगिनची चौकट. कॅप्स लॉक बघून झालं, एकेक अक्षर मोजून टाकून झालं. एका सीनियरने "फॉरमॅट मार" सांगितलं होतं. तीन महिन्यांची रीडिंग्ज त्याच मशीनवर, तरीही मी पेनड्राइव्ह शोधायला लागलो होतो!

तुम्ही स्पेक्ट्रोमीटर पुसत होतात. मान वर न करता विचारलंत, "चुकीचा पासवर्ड टाकून बघितलास का?"

खरं सांगतो, राग आला. पण टाकला. या वेळी स्क्रीन काळी झाली नाही, पासवर्ड चुकल्याचा संदेश आला. "म्हणजे खरा पासवर्ड त्याला पटतोय. वॉचमन तुला आत सोडतोय, घोळ आत गेल्यावर आहे." तासभर मी वॉचमनशीच भांडत होतो.

मग कंट्रोल-ऑल्ट-एफ३, म्हणजे चित्रांशिवायचा, नुसत्या कमांडचा पडदा. त्या काळ्या पडद्यावर तोच पासवर्ड पहिल्या फटक्यात चालला. आधी तुम्ही डिस्क भरली नाही ना ते पाहायला लावलंत, कारण जागा संपली तरी हेच होतं. जागा भरपूर होती. मग लपलेल्या फाइलींची यादी काढली आणि तुमचं ओलसर बोट काचेवर एका ओळीवर थांबलं: डॉट एक्सऑथॉरिटी, मालक रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी.

"काल रात्री काय उद्योग केलास?"

स्क्रीन अडकली म्हणून मी सुडो (रूटच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावून स्टार्टएक्स (डेस्कटॉप सुरू करायची कमांड) मारलं होतं. उबुंटूच्या त्या आवृत्तीत सुडो लावलं तरी होम डिरेक्टरी, म्हणजे फाइलींचं घर, माझीच राहते, त्यामुळे रूटने फाइल माझ्या घरात बनवली आणि स्वतःच्या नावावर करून ठेवली. डेस्कटॉपला एक्स सर्व्हरशी, म्हणजे पडद्यावर चित्र काढणाऱ्या प्रोग्रामशी, बोलायला लागणारी १२८ बिटांची कुकी, म्हणजे गुप्त ओळखखूण, याच फाइलीत असते. लॉगिन करताना लाइटडीएम, म्हणजे लॉगिनची चौकट दाखवणारा प्रोग्राम, ती माझ्या नावाने लिहायला जायचा, हात लावू दिला जायचा नाही, की सेशन बंद आणि मी पुन्हा दाराबाहेर.

मी लगेच सुडो टाइप करायला घेतलं, तर तुम्ही हात धरलात. "घर तुझं आहे ना? मग सामान कुणाचंही असो, हलवायचा हक्क तुझा." साध्या एमव्ही कमांडने फाइलीचं नाव बदललं, शेजारची डॉट आयसीईऑथॉरिटीही तशीच बाजूला केली. आता लाइटडीएमला माझ्या नावाने नवी फाइल बनवता येणार होती. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ ने परत लॉगिनच्या चौकटीवर, पासवर्ड, आणि समोर माझा हरिश्चंद्रगडाचा वॉलपेपर.

दुसऱ्या दिवशी पॅनेलच्या सेटिंग टिकेनात, तेव्हा रूटच्या मालकीच्या उरलेल्या फाइली फाइंड कमांडने शोधून, मालक बदलणाऱ्या सीएचओन कमांडने माझ्या नावावर केल्या. हे मात्र मी एकट्याने केलं बरं का.

सरांना तुम्ही "लाइट गेली होती" एवढंच सांगितलंत. त्याचे आभार वेगळे.

आणि हो, कपाट नंबर ३ ची किल्ली अजून माझ्याच खिशात आहे. सोमवारी आणतो, ओरडू नका.

तुमचा,
शेवटच्या टेबलावरचा