पायवाट मातीचीच राहिली, ताई

प्रिय ताई,

काल पाऊस थांबला तसं आईला घेऊन उद्यानातल्या झाडीतल्या पायवाटेने शेवटपर्यंत जाऊन आले. पाय कुठेच रुतला नाही. तेव्हाच ठरवलं, आज तुम्हाला लिहायचं.

एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नव्हती. या वाटेवर पेव्हर ब्लॉक बसवा, अशा अर्जावर माझीही सही होती. आई तिथल्या चिखलात घसरली होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

बैठकीत तुम्ही नुसतं ‘झाडं वाचवा’ म्हणाला असतात, तर मी ऐकलं नसतं. तुम्ही आम्हाला वाटेवर नेलंत, कडेचा पालापाचोळा हाताने बाजूला केलात आणि खालच्या भुसभुशीत मातीतलं केसांसारख्या मुळांचं जाळं दाखवलंत. झाडाला पाणी आणि अन्न पुरवणारी ही बारीक मुळं बहुतेक वरच्या 30 ते 60 सेंटिमीटर मातीतच असतात, फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, हे मला ठाऊकच नव्हतं. ब्लॉक बसवायचे तर आधी खोदाई, मग खडी, मग रोलर. खोदताना मुळं तुटतात. जी उरतात त्यांना दाबलेल्या मातीत हवा मिळत नाही. झाड लगेच पडत नाही, काही वर्षं वरून वाळत जातं. तोवर कारण कुणाच्या लक्षातही राहत नाही, असं तुम्ही म्हणालात, ते मनात घर करून राहिलं.

पण तुमचे खरे उपकार त्या चिखलाच्या बाबतीत. भर पावसात छत्री घेऊन तुम्ही पाण्यामागे चालत गेलात. वरच्या पक्क्या रस्त्याचं पाणी पावलांनी खोलगट झालेल्या वाटेत शिरत होतं, बाहेर पडायला जागाच नव्हती. तुम्ही तिरके चर सुचवलेत, वाटेला एका बाजूला हलका उतार द्यायला लावलात, सखल जागी छाटलेल्या फांद्यांचे तुकडे पसरवलेत, तेही बुंध्यांपासून दूर.

व्हीलचेअरवरून येणाऱ्यांना बैठकीला कुणी बोलावलंच नव्हतं. तुम्ही बोलावलंत. त्यांच्यामुळेच झाडीच्या कडेने जाणाऱ्या जुन्या पक्क्या रस्त्यावरच्या पायऱ्या काढून तिथे उतार झाला. या गोष्टीसाठी तुमचे वेगळे आभार.

काल एका चरात पानं अडकलेली आईला दिसली. ती खाली बसली आणि काठीने काढू लागली, मग मीही बसले. रविवारी बाकीचे चर साफ करायला आम्ही दोघी येतोय. फावडं घेऊन येते.

तुमची,
सही मागे घेतलेली शेजारीण