विद्यापीठ म्हणजे केवळ गुणपत्रिकेची खिडकी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीचे निकाल लागले की सोलापूरच्या आमच्या पूर्व भागातल्या घराघरांत ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो आणि त्याची उत्तरे बहुतेक ठरलेली असतात: बी.एड., बँकेच्या परीक्षांचा क्लास, पोलीस भरती, नाहीतर पुण्यात मिळेल ती नोकरी. विद्यापीठाच्या विभागात जाऊन एखादा विषय मुळापासून शिकावा, पुढे त्यात संशोधन करावे, हा पर्याय कोणी फारसा बोलूनही दाखवत नाही. याच भागातल्या एका शाळेत ३२ वर्षे विज्ञान शिकवल्यानंतर मला खात्रीने वाटते की मुलांची कुवत कुठेच कमी पडत नाही. विद्यापीठ आतून कसे असते, हे आपल्या घरांना ठाऊकच नाही, अडचण तिथे आहे.

याचे मूळ जुने आहे. १८५७ साली मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तीन विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाली, तेव्हा शिकवायचे महाविद्यालयांनी आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने, अशी विभागणी होती. विद्यापीठांचे स्वतःचे अध्यापन विभाग, प्रयोगशाळा, संशोधन हे सारे नंतर आले; पण सामान्य माणसाच्या मनात ती पहिली ओळखच घट्ट बसली. सोलापूरची महाविद्यालये आधी पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, १९६२ नंतर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला, आणि २००४ साली सोलापूर जिल्ह्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. म्हणजे दोन-तीन पिढ्यांनी विद्यापीठ ओळखले ते गुणपत्रिकेवरच्या शिक्क्यावरून. माझी स्वतःची पदवी शिवाजी विद्यापीठाची आहे. पण ती हातात पडेपर्यंत कोल्हापूरच्या त्या आवारात मी एकदाही पाऊल ठेवले नव्हते, आणि ठेवायला हवे होते असे मला कोणी सांगितलेही नव्हते.

मी विद्यापीठ खऱ्या अर्थाने पाहिले ते माझ्या एका विद्यार्थिनीमुळे. तिची आई विडी कामगार. सकाळी कारखान्यातून पाने आणि तंबाखू आणायची आणि दिवसभर मांडीवर सूप घेऊन हजार विड्या पुऱ्या करायच्या. मुलीला पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला, तेव्हा त्या माउलीने मला विचारले, “सर, डिग्री तर झाली की. आता तिथं जाऊन अजून काय शिकायचं राहिलंय?” मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. दोनच महिन्यांनी ते मुलीनेच दिले. विभागातल्या एका व्याख्यानानंतर तिने भीतभीत एक शंका विचारली, त्यावर व्याख्याते थोडा वेळ फळ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “हे मला माहीत नाही, आपण दोघे मिळून बघू.” दुसऱ्या दिवशी ते खरोखरच कागद घेऊन तिच्याजवळ आले. फोनवर हे सांगताना तिचा आवाज कापत होता. शाळेत आणि महाविद्यालयात आम्ही मुलांना उत्तरे असलेले प्रश्न सोडवायला शिकवतो. ज्यांची उत्तरे पुस्तकाच्या मागे नसतात असे प्रश्न विद्यापीठात भेटतात आणि तिथे शिक्षकही शिकत असतो, हे तिच्याइतकेच मलाही त्या दिवशी कळले.

पुढे तिला भेटायला मी हुतात्मा एक्सप्रेसने दोन-तीनदा पुण्याला गेलो. गणेशखिंडीतले ते ४०० एकरांहून मोठे आवार, एकेकाळी इंग्रज गव्हर्नरचे पावसाळ्यातले निवासस्थान असलेली मुख्य इमारत, पहिल्या कुलगुरूंच्या नावाचे जयकर ग्रंथालय आणि तिथे जागा मिळावी म्हणून सकाळीच पाठीवर सॅक लावून रांगेत उभी असलेली मुले, हे सारे मी डोळे भरून पाहिले. त्या रांगेत नंदुरबारचा मुलगा होता, लातूरची मुलगी होती, आफ्रिकेतून आलेला एक विद्यार्थीही होता. घरून पैसे मागवणे ज्यांना शक्य नव्हते, अशी कितीतरी मुले कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाने चालणाऱ्या ‘कमवा व शिका’ योजनेत रोज काही तास काम करून मेसचे बिल भागवत होती. संध्याकाळी कँटीनच्या बाहेर झाडाखाली चहाचे ग्लास घेऊन इतिहासाची, रसायनशास्त्राची आणि संस्कृतची मुले एकाच विषयावर तावातावाने वाद घालताना मी ऐकली. घरी राहून, रोज ये-जा करून पदवी मिळते. ही संध्याकाळ मिळत नाही, आणि माझ्या मते तिचे मोल अभ्यासक्रमाच्या निम्मे तरी आहे.

त्याच आवाराला लागून डॉ. जयंत नारळीकरांनी उभारलेली ‘आयुका’ ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे. राष्ट्रीय विज्ञान दिनी, २८ फेब्रुवारीला, तिची दारे सर्वांसाठी उघडी असतात, म्हणून एका वर्षी मी आठवी-नववीची मुले घेऊन गेलो. तिथे फुकोचा लंबक आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून त्याच्या झोक्याची दिशा हळूहळू सरकत जाते. पुण्याच्या अक्षांशावर तासाभरात जेमतेम ५ अंश. आमच्या वर्गातल्या एका मुलाने वहीच्या पानावर खूण केली आणि तो तासभर तिथेच बसून राहिला. डबा खायलाही उठला नाही. परतीच्या गाडीत त्याने ते पान मला दाखवले तेव्हा त्यावर दोन रेघा होत्या आणि त्यांच्यामध्ये बारीक अक्षरात लिहिले होते, ‘एवढी पृथ्वी फिरली’.

पैशांबद्दलही स्पष्ट लिहायला हवे, कारण घरात शेवटचा शब्द त्याचाच असतो. ‘पीएच.डी. म्हणजे अजून पाच वर्षे बापाच्या जिवावर’, ही समजूत मी असंख्य वेळा ऐकली आहे. विज्ञान शाखेतल्या विद्यार्थ्याने नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, मिळवली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. ती परीक्षा अवघड आहे आणि सर्वांना जमत नाही, हे खरे. पण अशी वाट आहे एवढे तरी पालकांना माहीत असायला हवे की नको?

आणि संशोधनाला विषय शोधत सोलापूरकराला लांब जावे लागत नाही. आपण रोज ज्या मालदांडी ज्वारीची भाकरी खातो, तिचा ३५-१ हा वाण मोहोळच्या केंद्रात निवडला गेला. कोरडवाहू शेतीवरचे संशोधन सोलापुरात १९३३ पासून चालू आहे. केगावला डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, आणि तेल्या रोगाने डाळिंबाची बाग उपटावी लागलेला शेतकरी तुम्हाला सांगोल्यात किंवा पंढरपुरात सहज भेटेल. नान्नजच्या माळावरचा माळढोक, उजनीचे पाणी, कापड रंगवल्यावर उरणारे सांडपाणी, तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या बायकांचे आरोग्य: यातल्या प्रत्येक प्रश्नावर काम करायला माणसे हवी आहेत, आणि हे प्रश्न ज्यांच्या घरातून आले त्या मुलामुलींपेक्षा ते कोणाला अधिक जवळून ठाऊक असणार?

म्हणून आपल्या वृत्तपत्राच्या माध्यमातून एक विनंती करतो. पुण्याला सर्वांना नेता येत नाही, पण केगावचे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ तर आपल्या शहराच्या वेशीवर आहे. येत्या २८ फेब्रुवारीला तिथले विभाग नववी ते पदवीपर्यंतच्या विद्यार्थ्यांना त्यांच्या पालकांसह, विशेषतः आयांसह, पाहता यावेत. प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांनीच ते दाखवावेत. आणि माहिती मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतूनही द्यावी, कारण सोलापूरच्या अर्ध्या घरांत निर्णय याच भाषांत होतात. आपल्या वृत्तपत्रानेही शिक्षणाच्या पानावर निकाल आणि वेळापत्रकांच्या जोडीला आठवड्यातून एकदा एखाद्या विभागात काय शोधले जात आहे, हे छापावे.

पूर्व भागातल्या पालकांना एकत्र करून केगावला नेण्याचे आणि तिथे तेलुगूतून समजावून सांगण्याचे काम मी आनंदाने करीन. ती विद्यार्थिनीही त्या दिवशी रजा घेऊन यायला तयार आहे, आणि तिच्या आईने आताच सांगून ठेवले आहे की गल्लीतल्या बायकांना तीच घेऊन येणार.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, सोलापूर