भरीत दोघांनी करा, पेडल अदलाबदल करून ऐका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत भरीत पार्टीचे फोटो बघितले, शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजणारी सगळी पुरुषमंडळी, फोटो मस्तच होते पण एक गोष्ट मला खटकते ती लिहितेच, शेतात एवढ्या हौसेने भरीत करणारे हेच लोक घरी आले की ओट्याकडे फिरकत नाहीत. आमच्याकडे तसं नाहीये. मी आणि माझा नवरा दोघंही गिटार वाजवतो आणि स्वयंपाकही दोघं मिळूनच करतो, वांगी तो भाजतो (गॅसवरच, फ्लॅटमध्ये काड्या कुठे पेटवणार), मिरच्या, लसूण, दाणे माझ्याकडे, आणि कळण्याची भाकरी ज्याचा हात मोकळा असेल तो थापतो. हे चालू असताना आमचं बोलणं बहुतेक पेडलवर असतं, कारण माझे पेडल तो वापरतो आणि त्याचे मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्पच्या (आवाज मोठा करणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या) मधे पायाने चालू-बंद करायची जी छोटी डबी असते ते पेडल. आवाज फाटका करणारं डिस्टॉर्शन, प्रतिध्वनी देणारं डिले, असे बरेच प्रकार. बॉस कंपनीचं डीएस-१ हे डिस्टॉर्शन तर १९७८ पासून मिळतंय. आणि कुठलं आधी कुठलं नंतर जोडायचं याला फार महत्त्व आहे, ओव्हरड्राइव्हनंतर (म्हणजे जरा सौम्य डिस्टॉर्शननंतर) डिले लावला तर प्रत्येक प्रतिध्वनी स्वच्छ ऐकू येतो, उलट लावला तर सगळे प्रतिध्वनी एकत्र फाटून गिचका होतो. कांद्याची पात वांग्याबरोबर भाजायची नसते, ठेचलेल्या भरितात नंतर घालायची असते, तसंच. अर्थात काहींना तो गिचकाच आवडतो आणि त्यात चूक काही नाही.

आता मुद्दा. जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोरांना पेडल विकत घ्यायच्या आधी हातात घेऊन वाजवून बघायला मिळणं फार अवघड आहे, मग व्हिडिओ बघून मागवतात आणि व्हिडिओतला आवाज त्या माणसाच्या गिटारचा, त्याच्या अॅम्पचा असतो, आपला नाही. आमचंच बघा, आयबानेझ कंपनीचा ट्यूब स्क्रीमर हा ओव्हरड्राइव्ह मिडचा, म्हणजे मधल्या पट्टीचा आवाज वर काढतो आणि खालचा, जाड आवाज कमी करतो, त्यामुळे घरी एकट्याने वाजवताना तो नवऱ्याला नाकातला वाटायचा, म्हणून माझ्याकडे आला, पण मी बँडमध्ये ड्रम आणि बेस गिटारबरोबर वाजवला तर गिटार लगेच पुढे आली! हे दुकानात पाच मिनिटात कळत नाही, पेडल महिनाभर घरी राहायला लागतं. म्हणून आमच्या ओळखीतले गिटारवाले आपसात पेडल बदलतात, विकायचे नाहीत, फक्त वापरायला द्यायचे आणि परत घ्यायचे. येणारा जेवूनच जातो, आणि त्यालाही चिरायला बसवतो आम्ही, त्यात पाहुणचार कमी होत नाही.

फक्त अडॅप्टरचं सांभाळा. बरेचसे पेडल ९ व्होल्टचे आणि पिनच्या आत निगेटिव्ह असे असतात पण सगळे नाही, काही जुन्या पद्धतीच्या फझला (आवाज खूप खरखरीत फाटवणाऱ्या पेडलला) उलटं लागतं आणि चुकीचा अडॅप्टर लावला तर पेडल जळू शकतं. शिवाय डिजिटल डिले किंवा रिव्हर्बला (मोठ्या खोलीसारखा घुमारा देणाऱ्या पेडलला) करंट जास्त लागतो, एकाच अडॅप्टरवरून वायर काढून सगळे लावले की बऱ्याचदा घूं असा आवाज येतो. म्हणून पेडल देताना त्याचा अडॅप्टर सोबतच द्या, आणि नॉब कुठे ठेवले होते त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

माझी विनंती एवढीच की पुरवणीत महिन्यातून एकदा चार ओळींची जागा अशा अदलाबदलीसाठी द्यावी, कोणत्या गावात कोणाकडे कोणतं पेडल आहे आणि त्याला काय ऐकायचंय एवढंच. कपाटात पडून असलेले कितीतरी पेडल बाहेर निघतील. पहिल्या यादीत आमचा ट्यूब स्क्रीमर लिहून घ्या, बदल्यात कोरस किंवा फेझर (आवाज लहरता करणारे पेडल) चालेल.

आपली नम्र,
एक वाचक, भुसावळ