१९८ न फिरवता आलेल्या काकांना

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, त्याला कारण तुम्हीच. आमच्या मुलांचा इंटरनेटवरचा अडकणारा खेळ नीट केलात, त्याचे पैसे घेतले नाहीत. दोन डझन आंबे घेतलेत, तेही काकूंनी पिशवी हातातून ओढून घेतली म्हणून. वर म्हणालात, "मला काय देतेस सूनबाई, दुसऱ्या कुणाचं असंच अडलं असेल तर त्याला सांग." म्हणून सांगतेय.

तुम्हाला आमचं घर माहीत आहे, पण वाचणाऱ्यांना नाही. कोकणातलं जुनं चिऱ्याचं घर. भिंती हातभर जाड, उन्हाळ्यात गार. इंटरनेटचा डबा ओटीवर, कारण फायबरवाल्याची वायर तिथवरच पुरली. टीव्ही माजघराच्या पलीकडच्या खोलीत. मोठा मुलगा गेल्या जूनला नोकरीसाठी पुण्याला गेला आणि दिवाळीला येताना धाकट्यासाठी कुणाचा तरी वापरलेला प्लेस्टेशन ४ घेऊन आला. त्याच्या खोलीवरच्या मित्राकडेही एक आहे. दोघांनी ठरवलं, रोज रात्री साडेनऊला एक फुटबॉलची मॅच. घरात चार महिने बंद झालेली भांडणं परत सुरू झाली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

पण मॅच धड व्हायची कुठे? आधी ती लागायलाच चार-चार वेळा प्रयत्न. लागली की खेळाडू मध्येच पुतळ्यासारखे उभे, आणि मग एकदम दहा पावलं पुढे. दोघांचं बोलणं गेममधून जुळायचंच नाही, म्हणून शेजारी फोन स्पीकरवर ठेवायचे. पुण्याहून "गोल!" ऐकू यायचं आणि आमच्या टीव्हीवर चेंडू अजून मैदानाच्या मध्यात.

मग मी काय काय केलं ते लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणी करू नये. चाळीस एमबीपीएसचा प्लॅन शंभरचा केला. फरक शून्य. चार अँटेनांचा 'गेमिंग' राउटर मागवला. त्यावर लाल दिवे लागतात, बाकी काही होत नाही. ह्यांनी विचारलं, अजून दोन अँटेना लावल्या तर यान उडेल का. भाच्याने फोनवरून डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय, बदलायला लावलं. तक्रारीच्या नंबरवर दर वेळी एकच, डबा बंद करून चालू करा. मोबाइलवर स्पीड मोजला की ९५ दाखवायचा, त्यामुळे "आमच्याकडून ओके आहे मॅडम" हे ऐकून घ्यावं लागायचं.

त्या दिवशी तुम्ही आला होतात ते बाबांना भेटायला. धाकटा रिमोट आपटून बाहेर गेला, तेव्हा तुम्ही विचारलंत, काय झालं? टेलिफोन खात्यात तेहतीस वर्षं काढलेल्या माणसासमोर मी म्हटलं, "नेट स्लो आहे." तुमचा चेहरा अजून आठवतो. म्हणालात, "स्लो हा बिघाड नाही, ही तक्रार आहे. बिघाड सांग. कधी अडकतं? किती वेळ? रोज की अधूनमधून? बोलणं तुटतं की खेळ थांबतो, की दोन्ही?" एकाचंही उत्तर मला देता आलं नाही. पाच महिने ऐकत होते तरी!

तुम्ही धाकट्याला वही दिलीत आणि चार दिवस फक्त लिहायला सांगितलंत. पाचव्या दिवशी वही वाचून म्हणालात, हा एक बिघाड नाही, तीन आहेत, म्हणून एक औषध लागू पडत नाही.

मग तुमची ती अर्ध्या लाइनची पद्धत. गावाबाहेरच्या खांबांवर फॉल्ट शोधताना तुम्ही मधोमध जाऊन लाइन तपासायचात. अलीकडे ठीक असेल तर बिघाड पलीकडे, मग उरलेल्याचा पुन्हा मध्य. इथेही तेच. टीव्हीजवळ लॅपटॉप मांडून ओटीवरच्या डब्याला, म्हणजे १९२.१६८.१.१ या घरातल्याच पत्त्याला पिंग लावलंत. पिंग म्हणजे हाक मारून ओ यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजणं. आकडे खाली सरकू लागले: ४, ३, ५, १८०, ४, आणि मध्येच 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. तुम्ही चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "अजून बाहेर पडलोच नाही आपण. घरातल्या घरात हाक पोचत नाही."

मग ओटीपासून माजघरातून जमिनीवरून लांबलचक वायर सोडली. बाबा तिच्यावरून दोनदा अडखळले. पण तिच्यावर पिंग १, १, १, १. पहिला बिघाड सापडला: दोन चिऱ्याच्या भिंती. धाकटा म्हणत होता की फाइव्ह-जीवाल्या वायफायचं नावच यादीत दिसत नाही, आणि मला वाटायचं तोच नीट शोधत नाही. तुम्हाला प्लेस्टेशनची माहिती नव्हती, पण त्याच्या मागचा मॉडेल नंबर वाचून लगेच शोधून काढलंत की हा सर्वांत पहिला, २०१३ सालचा प्रकार. त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय कळतं, ५ गिगाहर्ट्झचं कळतच नाही, ते पुढच्या स्लिम आणि प्रोमध्ये आलं. म्हणजे महागाच्या राउटरचा निम्मा उपयोग आमच्यासाठी जन्मतःच बाद. आणि ते ५ गिगाहर्ट्झ असतं तरी जाड भिंतीपुढे आधी तेच दमतं, हेही सांगितलंत.

वायर टाकायचा दिवस मी विसरणार नाही. पन्नास मीटरचं कॅट फाइव्ह-ई नेटवर्क वायरचं वेटोळं तुम्ही घरून आणलंत. पाटाखालून, तुळईच्या कडेने, खिडकीच्या चौकटीतून ओढून टोकाला क्लिप बसवायला ओसरीवर मांडी घातलीत. आठ तारा, दोन-दोनच्या पिळाच्या. पीळ सोडवून नखाने एकेक सरळ करत धाकट्याकडून पाठ करून घेत होतात: नारंगी-पांढरा, नारंगी, हिरवा-पांढरा, निळा, निळा-पांढरा, हिरवा, तपकिरी-पांढरा, तपकिरी. पकडीचा कटकन आवाज. टेस्टरवर दिवे एकामागून एक लागत गेले आणि सातवा लागलाच नाही. तरी कन्सोलला जोडलं तर चालत होतं, कारण १०० एमबीपीएसला चारच तारा लागतात आणि सातवी त्यांत येत नाही. धाकटा म्हणाला, "चालतंय ना काका." तुम्ही काही न बोलता टोक कापलंत आणि पुन्हा नारंगी-पांढऱ्यापासून सुरुवात केलीत. त्याने तो धडा जास्त मनावर घेतलाय, त्याबद्दल शेवटी सांगते.

दुसरा बिघाड मीच निघाले. वायर आली तरी साडेनऊच्या सुमारास गचके यायचेच. तुम्ही लॅपटॉपवरून बाहेरच्या पत्त्याला पिंग लावून ठेवलंत. पावणेदहापर्यंत २४, २५, २४. मी भांडी आवरून फोन चार्जिंगला लावला आणि पाच मिनिटांत ३१०, ४२०. तुम्ही स्वयंपाकघराकडे बघून विचारलंत, "आत्ता काय लावलंस?" पुतण्याच्या मुंजीचे व्हिडिओ! फोन चार्जिंगला लागला की सगळे वर चढवायला घ्यायचा. आमच्या तेव्हाच्या प्लॅनमध्ये खाली यायला शंभर, वर जायला मात्र दहाच, आणि ते दहा माझ्या मुंजीने भरून टाकलेले. गेमला फारसा स्पीड लागतच नाही, लहान लहान निरोप वेळेवर जायला हवेत. ते निरोप राउटरमध्ये व्हिडिओंच्या मागे रांगेत उभे. एसटीच्या खिडकीवर अख्ख्या वऱ्हाडाचं बुकिंग चाललंय आणि मागे एक माणूस एका तिकिटासाठी ताटकळतोय, तसं. मी फोनवर थांबवा दाबलं, पिंग परत २४. तुम्ही राउटरमध्ये वर जाणारी मर्यादा नऊवर बांधलीत, म्हणजे रांग साचत नाही, आणि गेमला पुढे जागा दिलीत. त्या लाल दिव्यांच्या राउटरचा हा एवढा एक उपयोग झाला. मीही आता फोन अकरानंतर चार्जिंगला लावते.

तिसरा बिघाड खरा किचकट, आणि तो कळला तुमच्या टेलिफोनच्या भाषेमुळे. कन्सोलच्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कमध्ये जाऊन इंटरनेट कनेक्शन तपासलं की यायचं, 'एनएटी टाइप ३', म्हणजे बाहेरून आत यायची वाट बहुतेक बंद. भाच्याने पाठवलेला व्हिडिओ पाहून मला काही उमगलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, कचेरीतला इंटरकॉम आठव. आतली माणसं बाहेर फोन करू शकतात, पण बाहेरच्याला तुझा तेवीस नंबर थेट लागत नाही, मधल्या बोर्डाने जोडून द्यावा लागतो. राउटर हा तो बोर्ड, आणि त्याचं हे जोडून देणं म्हणजे एनएटी. इंटरनेटचे जुने पत्ते साधारण ४३० कोटीच, जगाला अपुरे पडणार हे आधीच दिसत होतं, म्हणून घरोघर असे बोर्ड आले, आणि २०११च्या फेब्रुवारीत तर मूळ साठ्यातले शेवटचे गठ्ठेही वाटून झाले. आणि आमच्याकडे बोर्डामागे बोर्ड! फायबरवाल्याचा डबाही पत्ते वाटत होता आणि मी हौसेने आणलेला राउटरही. खूणही दाखवलीत: नव्या राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता म्हणून १९२.१६८ने सुरू होणारा आकडा दिसला की समजायचं, आपण अजून घराबाहेर पडलेलोच नाही.

नोकरीची शेवटची वर्षं तुमची ब्रॉडबँड विभागात गेली, त्यामुळे 'ब्रिज मोड', म्हणजे डब्याने स्वतः पत्ते न वाटता लाइन नुसती पुढे सोडायची, हा शब्द तुमच्या तोंडात सहज होता. फायबरवाल्याला फोन तुम्हीच लावलात. मी पाच महिने विनवण्या करत होते, तुम्ही दीड मिनिटात म्हणालात, "ओएनटी ब्रिज करा आणि पीपीपीओईचा युजरनेम-पासवर्ड द्या." ओएनटी म्हणजे फायबरवाल्याचा तो डबा, आणि पीपीपीओई म्हणजे कंपनीकडे लॉग-इन करायची पद्धत. पलीकडचा मुलगा एकदम सर म्हणायला लागला.

तरीही टाइप ३च. राउटरवर आता पत्ता होता १००.७२ने सुरू होणारा. तुम्ही वहीत लिहिलंत '१००.६४ ते १००.१२७' आणि भोवती गोल केलात. या पट्ट्यातला पत्ता म्हणजे कंपनीने स्वतःच्या पातळीवर अनेक गिऱ्हाइकांना एका बाहेरच्या पत्त्यामागे बसवलेलं असतं. घरात काहीही करा, तो बोर्ड आपल्या हातात नाही. त्याला सरळ उपाय म्हणजे कंपनीकडून स्वतंत्र पब्लिक आयपी, फक्त आपला असा बाहेरचा पत्ता, मागणं. महिन्याला थोडे जास्त पैसे पडतात. मी आधी वाढवलेल्या प्लॅनपेक्षा कमी. तो प्लॅन आता परत चाळीसवर आणलाय.

पुण्याचं मोठ्याचं वायफाय त्याच्या हातात नाही, तिथे सगळ्या मजल्याला एकच. तुम्ही म्हणालात, दोन्ही टोकांना दारं बंद असली तर भेट कशी होणार, एका टोकाला तरी वाट मोकळी हवी, ती आपण करू. राउटरमध्ये यूपीएनपी चालू केलंत, म्हणजे कन्सोलला स्वतःपुरती वाट राउटरकडून उघडून घेता येते, कन्सोल पूर्ण बंद करून परत लावला. 'एनएटी टाइप २'. धाकटा हिरमुसला, टाइप १ का नाही? तुम्ही सांगितलंत, टाइप १ म्हणजे मध्ये राउटरच नाही. व्हिडिओवाले डीएमझेड की काय ते, म्हणजे कन्सोलसाठी बाहेरची सगळीच दारं उघडी टाकायला सांगत होते, त्यालाही तुम्ही नाही म्हणालात. दाराला कडी असते ती काढून टाकायला नसते, वेळेला उघडायला असते, असं काहीसं.

डीएनएसचं भाच्याला अजून पटलेलं नाही, पण तुमचं वाक्य मी त्याला तसंच ऐकवलं: "१९७ला नंबर पटकन सांगणारी बाई बसली म्हणून खांबावरची तार सुधारत नाही. त्याला १९८." तरुणांना सांगायला हवं, १९७ला नंबर विचारायचा आणि १९८ला बिघाड कळवायचा, असे दिवस होते.

धाकट्याने मग विचारलं, पिंग शून्य करता येईल का? मला वाटलं हसाल. तुम्ही वही उघडून गणित मांडलंत. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत ३,९०० किलोमीटरच्या आसपास, जाऊन-येऊन ७,८००. म्हणजे सर्व्हर सिंगापूरला असेल तर ३९ मिलिसेकंद प्रकाशालाच लागणार, त्यात ना मी काही करू शकतो ना तुझी आई. 'ना तुझी आई' ही पुस्ती कशाला होती ते माहीत नाही, पण तेव्हापासून तो मला प्लॅन वाढव म्हणत नाही.

गेल्या शनिवारी दोघं अकरापर्यंत खेळले. फोन स्पीकरवर नव्हता. मोठा हेडफोनमधून काहीतरी सांगत होता आणि धाकटा लोळून हसत होता. मला एका बाजूचंच ऐकू येत होतं. दारात उभी राहिले तर म्हणाला, "आई, तू जा ना." तुम्हाला हे सांगायचं होतं.

खिडकीच्या चौकटीतलं भोक ह्यांनी एम-सीलने बुजवलंय, पावसाच्या आधी एकदा बघून जा. काकूंना नमस्कार.

तुमची,
चिऱ्याच्या घरातली सूनबाई

ता. क. तुमची क्लिपा दाबायची पकड आणि टेस्टर आमच्याकडेच राहिलेत. परत पाठवणार होते, पण धाकट्याने काल आत्याच्या घरची चांगली चालणारी वायर कापली. म्हणे तिचा सातवा दिवा लागत नव्हता. त्याची तिसरी क्लिप वाया गेली आहे. येताना चार-पाच जास्तीच्या घेऊन या.